ऑपरेशननंतरचं दुखणं आणि नर्व्ह ब्लॉक: ठाणे-नवी मुंबईतून वारंवार येणारे प्रश्न

ऑपरेशन ठरलं की घरातली सगळी चौकशी सर्जनकडे होते. भूल देणारा डॉक्टर भेटतो तो आदल्या संध्याकाळी, नाहीतर थेट ओटीच्या दारात, आणि तेव्हा सहीची घाई असते. मी भूलतज्ज्ञ आहे, ठाणे आणि नवी मुंबईतल्या हॉस्पिटलांत काम करते. त्या घाईत राहून गेलेले प्रश्न नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, कधी डिस्चार्जनंतर मध्यरात्री. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. तुमचं वजन, आजार आणि चालू गोळ्या मला इथून दिसत नाहीत, म्हणून तुमच्या बाबतीत तुमच्या भूलतज्ज्ञांचाच शब्द अंतिम.

१. नर्व्ह ब्लॉक म्हणजे नक्की काय करतात?

जिथे ऑपरेशन होणार तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या आजूबाजूला बधिर करणारं औषध सोडतात. इथे नस म्हणजे संवेदना वाहणारी मज्जातंतूची नस, रक्ताची नाही. औषध नसेतले सोडियमचे मार्ग काही तास बंद ठेवतं, त्यामुळे दुखण्याचा संदेश पुढे जात नाही. औषध ओसरलं की नस पूर्ववत काम करू लागते. आपल्याकडे यासाठी बहुतेक वेळा ब्युपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन वापरतात. दाताच्या डॉक्टरकडे मिळणारं लिग्नोकेन याच कुळातलं, पण ते लवकर उतरतं.

आता बहुतेक ठिकाणी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत ब्लॉक देतात. सुईचं टोक, नस आणि शेजारची रक्तवाहिनी दिसत असते, आणि औषध नसेभोवती पसरताना काळं कडं तयार होतं.

२. "कमरेत इंजेक्शन दिलं" म्हणतात तो हाच ब्लॉक का?

नाही. कमरेतलं इंजेक्शन म्हणजे स्पायनल. त्यात औषध मणक्यातल्या पाण्यात जातं आणि दोन्ही पाय एकदम सुन्न होतात. त्याचा जोर दोन-तीन तासांत ओसरतो. ब्लॉक एखाद्या हाताचा, एका गुडघ्याचा किंवा पोटाच्या भिंतीचा असतो आणि जास्त वेळ टिकतो. गुडघ्याच्या ऑपरेशनला पुष्कळदा दोन्ही देतात: ऑपरेशनपुरतं स्पायनल, त्यानंतरच्या रात्रीसाठी ब्लॉक.

३. पूर्ण भूल देणारच आहेत, मग वर ब्लॉक कशाला? पैसे वाढवायला?

पूर्ण भुलेत तुम्ही झोपता, पण जाग आली की दुखणं तिथेच असतं. ब्लॉक जाग आल्यानंतरच्या तासांसाठी आहे. तो असला की मॉर्फिन, फेंटानिलसारखी औषधं कमी लागतात, म्हणून मळमळ, उलट्या, गुंगी आणि बद्धकोष्ठही कमी होतं. वयस्क माणसाला पहिल्या संध्याकाळी शुद्धीवर राहून चहा घेता येणं, खोल श्वास घेता येणं, खोकता येणं याला मी फार महत्त्व देते. छातीत कफ साचून होणारा त्रास तिथेच टळतो.

पैशांचं म्हणाल तर काही ठिकाणी ब्लॉक भुलेच्या बिलातच धरतात, काही ठिकाणी वेगळा लावतात. अंदाजपत्रक मागताना "ब्लॉक यात आला का?" एवढं विचारून घ्या. कॅशलेस विमा असेल तर हॉस्पिटलातल्या टीपीए डेस्कलाही (विम्याची कामं बघणारा कक्ष) आधीच विचारा.

४. इंजेक्शन देताना मी जागा असेन का? दुखेल का?

मोठ्या माणसांत शक्यतो जागेपणी किंवा हलक्या गुंगीत देतात. कातडी आधी बधिर करतात, त्यामुळे पहिला टोचा सोडला तर दाब जाणवतो. हाताला किंवा पायाला एकदम विजेसारखी कळ गेली तर लगेच सांगा, गप्प बसून सहन करू नका. ती कळ आम्हाला उपयोगी माहिती असते, सुई नसेच्या फार जवळ आल्याचं त्यावरून कळतं. लहान मुलांचा नियम वेगळा आहे, तो प्रश्न १६ मध्ये.

५. किती तास टिकतो?

नेमका आकडा कुणीच देऊ शकत नाही. ब्युपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेनचा हाताचा ब्लॉक साधारण ८ ते १६ तास धरून चला, पायाचा कधी त्याहून जास्त, पूर्ण दिवसभरही. पोटाच्या भिंतीतले ब्लॉक त्यामानाने बेभरवशाचे.

वेळ वाढवण्यावर गेल्या काही वर्षांत भरपूर संशोधन झालं, आणि त्यातून ठामपणे पुढे आलेलं औषध अगदी जुनं आणि स्वस्त आहे: डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा आढावा) ते ब्लॉकच्या औषधात मिसळल्यावर बधिरपणा सरासरी साडेसहा तासांच्या आसपास वाढला, आणि शिरेतून दिलं तरी सुमारे सहा तास वाढला. म्हणून पुष्कळ भूलतज्ज्ञ ते नसेजवळ न टाकता सलाईनमधून देणं पसंत करतात. मीही तेच करते. शिरेतून दिल्याने उलट्याही कमी होतात, हा वरचा फायदा. डेक्समेडेटोमिडिन हे दुसरं औषध वेळ वाढवतं, पण नाडी मंद होते आणि झोप येते, त्यामुळे ते निवडून द्यावं लागतं.

दोन-तीन दिवस आराम हवा असेल तर नसेजवळ बारीक नळी ठेवून पंपाने औषध चालू ठेवतात. नळी सरकते, गळते, तिच्यावर रोज लक्ष ठेवायला माणूस लागतो. ती व्यवस्था असेल तिथेच हा प्रकार शोभतो.

६. संध्याकाळपर्यंत काहीच दुखत नव्हतं आणि रात्री दोनला एकदम असह्य कळा. ऑपरेशन बिघडलं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो येऊ नये म्हणूनच मी लिहायला बसले.

बहुतेक वेळा ऑपरेशन बिघडलेलं नसतं, ब्लॉक उतरलेला असतो. भूलशास्त्रात याला रिबाउंड पेन म्हणतात: काही तास शून्य दुखणं आणि मग काही मिनिटांत दहापैकी सात-आठ. 'ब्रिटिश जर्नल ऑफ अ‍ॅनेस्थेशिया'त २०२१ मध्ये ९७२ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास आला. ब्लॉक घेतलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांना हा अनुभव आला होता. तरुणांना, स्त्रियांना आणि हाडाचं ऑपरेशन झालेल्यांना जास्त; शिरेतून डेक्सामेथासोन मिळालेल्यांना कमी. मनगटाचं हाड मोडून प्लेट टाकलेली तरुण मुलगी म्हणजे या यादीत सगळ्यात वर.

यात ब्लॉकचा दोष कमी आणि आमच्या सांगण्यातली कसर जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. दुखत नाही म्हणून माणूस गोळी घेत नाही, त्याचं तरी काय चुकलं? समजा सकाळी अकराला पाचपाखाडीत मनगटाचं ऑपरेशन झालं. संध्याकाळी घोडबंदर रोडच्या गर्दीतून कासारवडवलीला घरी पोहोचलात. हात अजून लाकडासारखा, दुखणं नाही. जेवून, गोळ्यांची पुडी टेबलावर तशीच ठेवून झोपलात. मध्यरात्रीनंतर ब्लॉक उतरला तेव्हा शरीरात दुखण्याचं एकही औषध नव्हतं. आता गोळी घेतली तरी असर यायला पाऊण-एक तास, आणि तेवढ्यात कळा डोक्यात गेलेल्या असतात.

७. मग गोळ्या कशा घ्यायच्या?

दुखायची वाट न पाहता, घड्याळाप्रमाणे. पॅरासिटामॉल आणि, मूत्रपिंड, पोट आणि हृदयाची तक्रार नसेल तर डॉक्टरांनी लिहिलेली सूज उतरवणारी गोळी, ऑपरेशनच्या दिवसापासूनच. बोटांत पहिल्या मुंग्या आल्या किंवा बोटं हलू लागली की ब्लॉक उतरायला लागला असं समजा. त्या वेळची गोळी लांबवू नका. रात्री उतरण्याची शक्यता असेल तर झोपण्याआधीचा डोस घ्या आणि पुढच्या डोसचा गजर लावा. झोपमोड होईल, पण प्रश्न ६ मधली रात्र टळेल.

पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला दिवसाला एकूण ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर मर्यादा आणखी खाली. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या गोळ्यांतही ते असतं, तेही त्यात मोजा.

आणखी एक. जास्त दुखण्यावरचं ट्रमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे, केमिस्ट चिठ्ठीशिवाय देत नाही. जास्त दुखलं तर घ्यायचं औषध डिस्चार्जच्या वेळी लिहून आणि विकत घेऊन मगच निघा. रात्री दोनला पहिली चिठ्ठी मिळवणं अवघड जातं.

८. हात सुन्न असताना घरी कशाची काळजी घ्यायची?

मांडी घालून बसल्यावर पाय झोपतो ना, त्याहून कितीतरी गाढ हे बधिरपण असतं. चटका बसला तरी कळत नाही. गरम भांडं, इस्त्री, शेकायची पिशवी, स्कूटरचा सायलेन्सर यांच्यापासून लांब. हात झोळीतच ठेवा. झोळीशिवाय सोडला तर खांद्याला ओढ बसते आणि झोपेत अंगाखाली येतो. कोपर टेबलाच्या कडेवर टेकून ठेवू नका. पाय सुन्न असेल तर वॉकर आणि सोबत माणूस असल्याशिवाय उठायचं नाही, बाथरूमला तर नाहीच.

९. आईंचा गुडघा बदलायचा आहे. ब्लॉक दिला तर त्याच दिवशी चालता येईल का?

याचं उत्तर कोणता ब्लॉक यावर आहे, आणि संशोधनाने खरा बदल घडवला तो इथे.

पूर्वी जांघेत फिमोरल ब्लॉक देत. दुखणं छान थांबायचं, पण मांडीचा पुढचा स्नायूही लुळा पडायचा, आणि पहिल्याच फेरीत गुडघा वाकून माणूस पडायचा धोका असायचा. आता मांडीच्या मध्यावर, आतल्या बाजूला अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉक देतात. तिथपर्यंत स्नायूंच्या बहुतेक फांद्या सुटून गेलेल्या असतात, त्यामुळे संवेदना जाते आणि ताकद बरीचशी राहते. त्याने गुडघ्याची मागची बाजू मात्र सुटते, "मागून खेचतंय" ही तक्रार त्यामुळेच. तिथे सर्जन सांध्याभोवती औषध टोचतात, किंवा भूलतज्ज्ञ सोनोग्राफीने गुडघ्याच्या मागे आयपॅक ब्लॉक देतात. प्रॉस्पेक्ट नावाच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या गुडघा बदलण्याच्या शिफारशींत पॅरासिटामॉल, सूज उतरवणारी गोळी, डेक्सामेथासोन, सांध्याभोवतीचं औषध आणि एकदाच दिलेला अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉक हेच एकत्र आहे. म्हणजे एकट्या ब्लॉकवर भिस्त नाही.

तेव्हा आईंना त्याच संध्याकाळी उभं करता येणं शक्य असतं, पण फिजिओथेरपिस्ट बाजूला असतानाच. आधी पलंगाच्या कडेला बसून पाय सरळ ताणून दाखवायला सांगतात. ताणता आला तर पुढचं पाऊल.

१०. आजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन परवा आहे. तोपर्यंत नुसतं विव्हळत राहायचं का?

नाही, आणि हे मला फार कळकळीने सांगायचं आहे. अशा रुग्णाला ब्लॉक ऑपरेशनच्या आधी, शक्यतो दाखल होतानाच द्यायला हवा. २०२० चा कॉक्रेन आढावा ४९ अभ्यासांवर आधारलेला आहे. ब्लॉक दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत हालचालीचं दुखणं कमी होतं, वयस्कांत होणारा भ्रम कमी होतो, छातीतला संसर्ग बहुधा कमी होतो आणि माणूस लवकर हिंडू लागतो.

भ्रम म्हणजे रात्री आजी नातवंडांना ओळखेनाशा होतात, सलाईन ओढतात, गावच्या घरात असल्यासारखं बोलतात. घरचे घाबरून जातात. न थांबलेलं दुखणं हे त्याचं एक कारण आहे, आणि जड झोपेची औषधं हे दुसरं. ब्लॉकने दोन्ही कमी होतात.

यासाठी फॅशिया इलिआका ब्लॉक जुना आणि चांगला आहे. २०१८ मध्ये वर्णन झालेला पेंग ब्लॉक खुब्याच्या सांध्याच्या बारीक फांद्या गाठतो आणि पायाची ताकद जास्त राखतो. एक्सरे टेबलावर घेण्याआधी किंवा स्पायनलसाठी कुशीवर वळवण्याआधी ब्लॉक मिळाला तर ते वळणं सुसह्य होतं. दाखल करतानाच विचारा: "आता ब्लॉक देता येईल का?"

११. खांद्याच्या ऑपरेशननंतर एक पापणी उतरली, आवाज घोगरा झाला, दम लागल्यासारखं वाटतंय. पक्षाघात आहे का?

मानेतून दिलेल्या इंटरस्केलीन ब्लॉकचे हे माहीत असलेले परिणाम आहेत. औषध शेजारच्या नसांपर्यंत पसरतं. पापणी आणि आवाज ब्लॉकबरोबरच ताळ्यावर येतात. दमाची गोष्ट जास्त महत्त्वाची. श्वासपटलाची नस तिथूनच जाते, आणि पूर्वीच्या मोठ्या मात्रेत त्या बाजूचं श्वासपटल जवळजवळ प्रत्येकात तात्पुरतं थांबायचं. धडधाकट माणसाला ते कळतही नाही. दमेकरी, सीओपीडीचे (फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचे) रुग्ण, फार स्थूल माणसं यांना त्रास होतो, म्हणून त्यांना कमी औषध, सुपिरियर ट्रंक ब्लॉक किंवा खांद्याच्या मागचा सुप्रास्कॅप्युलर ब्लॉक निवडतात. दमा असेल तर आधीच सांगा. दम वाढत असेल, तोंड वाकडं झालं असेल किंवा दुसऱ्या बाजूचा हात-पाय जड पडला असेल, तर ब्लॉक समजून थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

१२. सिझेरियननंतर पोटाचा ब्लॉक घ्यावा का? बाळाला दूध पाजता येईल का?

दूध पाजता येतं, औषधाचा अंश दुधात नगण्य उतरतो. ब्लॉकचं उत्तर मात्र "अवलंबून आहे" असं आहे. स्पायनलमध्ये थोडं मॉर्फिन मिसळलेलं असेल तर टॅप ब्लॉकने, म्हणजे पोटाच्या भिंतीच्या ब्लॉकने, त्यात फारशी भर पडत नाही. मॉर्फिन दिलेलं नसेल, आणि आपल्याकडच्या छोट्या प्रसूतिगृहांत पुष्कळदा नसतं, तर ब्लॉकचा चांगला उपयोग होतो. पूर्ण भुलेखाली सिझेरियन करावं लागलं असेल तर नक्की विचारा.

१३. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन आहे. ब्लॉक घेतला तर कर्करोग परत येत नाही असं वाचलं, खरं का?

ब्लॉकबद्दल तरी नाही. ही आशा बरीच वर्षं होती. 'द लॅन्सेट'मध्ये २०१९ साली २,१३२ स्त्रियांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला: एका गटाला पाठीतला पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक आणि प्रोपोफॉल (शिरेतून देण्याचं भुलेचं औषध), दुसऱ्याला नेहमीची वायूची भूल. दोन्ही गटांत कर्करोग परतण्याचं प्रमाण सुमारे १० टक्केच निघालं. सहा महिन्यांनंतरच्या दुखण्यातही फरक पडला नाही.

तुमच्या वाचनात कदाचित टाटा मेमोरियल सेंटरचा अभ्यास आला असेल. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे संशोधन केंद्र त्यांचंच, त्यामुळे नवी मुंबईत त्याची चर्चा खूप होते. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालचा हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्जनने गाठ काढण्याच्या काही मिनिटं आधी गाठीच्या भोवती लिग्नोकेन टोचलं होतं. पाच वर्षांनी कर्करोगमुक्त असलेल्या स्त्रिया लिग्नोकेनच्या गटात ८६.६ टक्के होत्या, दुसऱ्या गटात ८२.६ टक्के. हा निकाल आशादायक आहे आणि औषध अत्यंत स्वस्त. पण तो नर्व्ह ब्लॉक नव्हे आणि त्याचा हेतूही दुखणं थांबवणं नव्हता. त्याबद्दल सर्जनला वेगळं विचारा.

पहिल्या दिवसाच्या दुखण्यासाठी आणि उलट्या कमी होण्यासाठी पॅराव्हर्टिब्रल किंवा छातीच्या स्नायूंमधला पेक्स ब्लॉक जरूर घ्यावा. कायमच्या दुखण्याचं चित्र अजून एकसारखं नाही: २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात काही स्त्रियांना फायदा दिसला, लॅन्सेटच्या अभ्यासात दिसला नाही.

१४. इरेक्टर स्पायनी नावाचा नवा ब्लॉक सगळ्यात चांगला असं ऐकलं.

२०१६ मध्ये त्याचं पहिलं वर्णन आलं आणि काही वर्षांत त्याच्यावर प्रबंधांचा पाऊस पडला. पाठीच्या स्नायूखाली हाडाला सुई टेकवायची आणि औषध सोडायचं. फुफ्फुस आणि मोठ्या रक्तवाहिन्या लांब राहतात, म्हणून शिकायला सोपा आणि बराच सुरक्षित. बरगड्या मोडलेल्या रुग्णांत मला तो आवडतो. पण औषध किती आणि कुठे पसरेल याची खात्री नसते, आणि छातीच्या ऑपरेशनांत पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक अजूनही जास्त भरवशाचा आहे. नवं नाव ऐकून हट्ट धरू नका. तुमच्या भूलतज्ज्ञांचा हात ज्या ब्लॉकवर बसला आहे, तो तुम्हाला जास्त उपयोगी पडेल.

१५. तीन दिवस टिकणारं एकच इंजेक्शन आलंय म्हणे?

लायपोसोमल ब्युपिव्हाकेन. चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांतून औषध हळूहळू सुटतं. अमेरिकेत २०११ मध्ये जखमेत टोचायला आणि २०१८ मध्ये खांद्याच्या ब्लॉकसाठी मान्यता मिळाली. मात्र २०२१ मध्ये 'अ‍ॅनेस्थेसिओलॉजी' या नियतकालिकात आलेल्या आढाव्यांत साध्या ब्युपिव्हाकेनच्या तुलनेत रुग्णाला जाणवेल इतका फरक सापडला नाही. किमतीतला फरक मात्र मोठा आहे. कुणी आग्रह केला तर साधं औषध, डेक्सामेथासोन आणि वेळेवर गोळ्या यांची आठवण करून द्या.

१६. मूल पाच वर्षांचं आहे, हर्नियाचं ऑपरेशन. त्याला झोपवून ब्लॉक देणार म्हणाले. धोका नाही का?

मुलांत हीच पद्धत योग्य मानतात. जागं, रडणारं, हलणारं मूल आणि सुई हे एकत्र जास्त धोक्याचं. २०१८ मध्ये मुलांच्या एक लाखाहून जास्त ब्लॉकच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यात नसेची कायमची इजा एकही नव्हती, आणि तात्पुरत्या तक्रारी दर दहा हजारांत दोन-तीन. जाग आल्यावर पाय जड लागले तर मूल रडतं, ते दुखण्यामुळेच असं नाही. कडेवर घ्या, काही तासांत उतरेल.

१७. नस कायमची निकामी होते का?

फार क्वचित. मोठ्या माणसांत दीर्घकाळ राहणारी इजा दर दहा हजार ब्लॉकमागे साधारण २ ते ४. काही दिवस मुंग्या किंवा एखादा बधिर पट्टा राहणं त्याहून बरंच जास्त आढळतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत जातं. अशी तक्रार प्रत्येक वेळी सुईमुळेच असते असंही नाही. घट्ट बांधलेला पट्टा, प्लास्टरचा दाब आणि मूळ दुखापत यांनीही नस दुखावते. ४८ तासांनंतरही हात किंवा पाय हलत नसेल तर थांबू नका, भूलतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनाही कळवा.

मधुमेहामुळे तळपायांची आग होते, सुया टोचल्यासारखं वाटतं, असं असेल तर आधीच सांगा. अशा नसांत ब्लॉक जास्त काळ टिकतो आणि इजेची शक्यताही थोडी जास्त धरतात, म्हणून औषध सौम्य ठेवतात.

१८. औषध रक्तात गेलं तर?

कानात आवाज, तोंडात धातूची चव, ओठांभोवती बधिरपणा, मग झटके आणि हृदयाच्या ठोक्यात बिघाड, असा त्याचा क्रम. म्हणून ब्लॉक देताना मॉनिटर लावलेला असतो, औषध थोडं थोडं सोडतात आणि २० टक्के लिपिड इमल्शन, म्हणजे यावर उतारा म्हणून शिरेतून देण्याचं चरबीचं द्रावण, जवळ ठेवतात. माणसांत त्याचा पहिला यशस्वी वापर २००६ मध्ये नोंदला गेला, आणि त्यानंतर या संकटाचं भय बरंच कमी झालं. २५ हजारांहून जास्त ब्लॉकच्या एका नोंदणीत सोनोग्राफी वापरल्याने हा धोका निम्म्याहून खाली आला.

दुसरं राखण हिशेबाचं आहे. ब्युपिव्हाकेनची नेहमीची मर्यादा किलोमागे २ मिलिग्रॅम. ६० किलोच्या बाईंना १२० मिलिग्रॅम, म्हणजे ०.२५ टक्क्याचं औषध ४८ मिली. सर्जन जे टोचणार तेही याच ४८ मध्ये धरायचं. दोन्ही गुडघे एकाच दिवशी असतील तर हा हिशेब ओटीत मोठ्याने बोलून करतात, आणि तो ऐकू आला तर घाबरू नका.

१९. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत.

मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असताना क्लोपिडोग्रेल अचानक थांबवणं हे ब्लॉकमधल्या रक्तस्रावापेक्षा मोठं संकट ठरू शकतं. वरवरचे ब्लॉक, जिथे बाहेरून दाबून रक्त थांबवता येतं, गोळ्या चालू असतानाही पुष्कळदा देता येतात. मणक्याजवळचे आणि खोल ब्लॉक स्पायनलच्याच नियमांनी तोलतात, त्यासाठी गोळी ठरावीक दिवस थांबवावी लागते. कोणती, किती दिवस, हे हृदयाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतात. शेवटची गोळी कधी घेतली ती तारीख आणि वेळ कागदावर लिहून आणा.

२०. आमच्या जवळच्या नर्सिंग होममध्ये ब्लॉकसाठी सोनोग्राफी मशीन नाही. भूलतज्ज्ञ स्वतःचं का आणत नाहीत?

कारण कायद्याने तसं सहज आणता येत नाही. गर्भलिंगनिदान रोखण्याच्या १९९४ च्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीन जागेनिशी नोंदवावं लागतं, आणि २०१२ च्या नियमांनंतर हातात उचलून नेण्याजोगं मशीनसुद्धा ज्या हॉस्पिटलात नोंदलंय तिथल्याच रुग्णांसाठी वापरायचं. एका दिवसात नौपाडा, ऐरोली, नेरूळ असं फिरणारा भूलतज्ज्ञ ते गाडीत घालून हिंडू शकत नाही. मुलींचा जीव वाचवणारा हा कायदा मला मोलाचाच वाटतो; नसा बघण्यापुरत्या मशीनसाठी त्यात वेगळी सोय व्हावी असंही वाटतं.

मशीन नसेल तर नसेला हलका विजेचा स्पंद देऊन स्नायू हलतो का ते बघून ब्लॉक देता येतो. अनुभवी हातांत तो चांगला लागतो. तेही नसेल तर सर्जनने जखमेत नीट टोचलेलं औषध आणि घड्याळाप्रमाणे गोळ्या हा साधा मार्ग आहे, आणि हर्निया, पित्ताशयासारख्या ऑपरेशनांत तो पुरतोही. मोठ्या सांध्याच्या ऑपरेशनला मात्र नोंदलेलं मशीन असलेलं ठिकाण निवडा.

२१. चुकीच्या बाजूला ब्लॉक दिला जाऊ शकतो का?

जगभर घडलेलं आहे. म्हणून ब्रिटनमध्ये "ब्लॉक देण्याआधी थांबा" ही मोहीम सुरू झाली: सुई टोचण्याच्या अगदी आधी थांबून बाजू पुन्हा तपासायची. तुम्ही जागे असाल तर बाजू स्वतः मोठ्याने सांगा. सर्जनने पेनाने केलेली खूण अंघोळीत घासून काढू नका.

२२. ब्लॉक लागलाच नाही तर?

असं होतं, अनुभवी हातांतही. अर्धवट लागला तर पूरक इंजेक्शन, पूर्ण भूल किंवा शिरेतून औषधं हे मार्ग तयार असतात. उपाशी राहायला सांगितलेलं असतं ते याचसाठीही, तेव्हा "फक्त हाताचंच तर आहे" म्हणून सकाळी पोहे खाऊन येऊ नका.

२३. ऑपरेशनच्या दुखण्यासाठी नवी गोळी आली आहे, मग ब्लॉक मागे पडेल का?

सुझेट्रिजिनला अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मान्यता मिळाली. दुखणं वाहणाऱ्या नसांतला एकच ठरावीक सोडियम मार्ग ती अडवते, व्यसनाचा धोका नाही. चाचण्यांत खोट्या गोळीपेक्षा ती सरस ठरली, पण हायड्रोकोडोन (मॉर्फिनच्या कुळातलं औषध) आणि पॅरासिटामॉलच्या एकत्र गोळीपेक्षा सरस नाही. प्रश्न ९ आणि १० मधल्या रुग्णांना आज तरी ब्लॉकची जागा तिने भरून निघणार नाही.

२४. बाइकवरून पडून भावाच्या नडगीचं हाड मोडलं. ब्लॉक मागितला तर ऑर्थोचे डॉक्टर नको म्हणाले. असं का?

त्यांचं कारण खरं आहे. नडगीच्या जबर दुखापतीत पोटरीच्या स्नायूंत सूज कोंडून रक्तपुरवठा तुटू शकतो. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात आणि काही तासांत पाय वाचवायला कापा घेऊन दाब मोकळा करावा लागतो. त्याची पहिली खूण म्हणजे दुखापतीच्या मानाने भलतंच वाढत जाणारं दुखणं. गाढ ब्लॉक असेल तर ही खूण झाकली जाईल अशी त्यांना भीती असते. यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. काही जण सौम्य औषधाचा कमी वेळ टिकणारा ब्लॉक देतात आणि दर तासाला पाय तपासतात. दर तासाला तपासायला माणूस नसेल तर न देणंच बरं, असं मी मानते.

ब्लॉक दिलेला असो वा नसो, भावाची पोटरी दगडासारखी ताठ झाली, बोटं वर ओढली की कळ मस्तकात जात असेल, किंवा ब्लॉक चालू असूनही आतून फुटल्यासारखं दुखू लागलं, तर जास्तीची गोळी मागत बसू नका. वॉर्डातल्या सिस्टरांना सांगून ऑर्थोच्या डॉक्टरांना बोलावून घ्या, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी.